चालू झाली म्हणजे जमली असं नाही

ट्रॉय, मिशिगन

चि. अद्वैत यास,


कॅमॅरोच्या ३५० इंजिनाला तू एमएसडीचा ६एएल बॉक्स बसवतो आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. राहतोस तेही डेटनलाच. चार्ल्स केटरिंगने बॅटरी-कॉइलचं इग्निशन तिथल्याच एका कोठारात घडवलं आणि १९१० च्या कॅडिलॅकला ते बसलं. त्या पद्धतीत आरपीएम वाढले की कॉइल भरायला वेळ पुरत नाही. तुझा बॉक्स आतला कपॅसिटर भरून दर वेळी पूर्ण ताकदीने कॉइलमध्ये रिकामा करतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. इंजिन चालू झालं म्हणजे वायरिंग बरोबर झालं, असं कधी मानू नकोस. चुकीच्या जोडणीवरही ते चालू होतं आणि नुकसान मागाहून कळतं.

सगळ्यात फसवी जागा डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअपच्या दोन वायरींची. डिस्ट्रिब्युटरही एमएसडीचाच असेल, तर बॉक्सची जांभळी वायर त्याच्या नारिंगी-काळ्या वायरला जाते आणि हिरवी जांभळ्या-काळ्या वायरला. रंगाला रंग जुळवायला गेलास तर पोलॅरिटी उलटते. गाडी चालेल, पण टायमिंग भरकटेल. तयार कनेक्टर असेल तर तो कापूच नकोस. ही जोडी प्लग वायरींपासून लांबून ने.

जाड लाल आणि जाड काळी थेट बॅटरीवर घे. बारीक लाल वायरीला किल्ली ‘ऑन’वर असताना आणि स्टार्टर फिरत असतानाही १२ व्होल्ट मिळतात का, ते मीटर लावून बघ. कॉइलवर बॉक्सच्या नारिंगी आणि काळ्या वायरीखेरीज काहीही जोडू नकोस, टेस्ट लॅम्पसुद्धा नाही. तिथे चारशेहून जास्त व्होल्ट असतात. टॅकोमीटरची जागा बॉक्सवर वेगळी दिली आहे.

आता प्लग वायरी. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात नंबरचे सिलिंडर एकामागोमाग पेटतात आणि शेजारी शेजारीच आहेत. त्यांच्या वायरी समांतर चिकटून गेल्या, तर पाचच्या स्पार्कने सातमध्ये अवेळी ठिणगी पडू शकते. सेपरेटर लावून त्या दूर ठेव. वायरी रेझिस्टन्सच्याच घे. साध्या तांब्याच्या तारेचा गोंगाट बॉक्सला सहन होत नाही.

शेवटी टायमिंग लाइट लाव. व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद कर आणि ॲडव्हान्स पूर्ण येईपर्यंत आरपीएम चढव. या इंजिनाला सहसा एकूण ३४ ते ३६ अंश मानवतात. टायमिंगची खूण जागेवर स्थिर दिसली पाहिजे. ती नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटर फिरवून वेळ मारून नेऊ नकोस. पिकअपपासून एकेक जोड पुन्हा तपास. अवेळी ठिणगीने पिस्टन फुटतात, आणि वेगात असताना इंजिन बसलं तर जीव तुझा धोक्यात येतो.

हे सगळं झाल्यावरच गाडी ट्रॅकवर ने. काही अडलं तर रात्री-अपरात्रीही फोन कर. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा