हातातील संगणकाची झोप आणि जाग

संगणक म्हटला की टेबलावरचे, भिंतीतल्या विजेवर चालणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. परंतु गणेशपेठ बसस्थानकावरून उमरेडला निघालेल्या एस.टी.त वाहकाच्या हाती जे तिकीटयंत्र असते, तोही एक संगणकच होय. त्याला कळा आहेत, स्मृती आहे, छपाईची सोय आहे. नाही तो फक्त विजेचा अखंड पुरवठा. बॅटरीत भरून घेतलेल्या विजेवरच दिवस काढावयाचा असतो. ती वाटेत संपली, तर समोर उतारू आणि हातात मुके यंत्र! म्हणून असा संगणक किती वेगाने काम करतो, यापेक्षा काम नसताना तो कसा झोपतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था सांगून त्यांपलीकडे तुरीय मानली आहे. यंत्राची मजल तुरीयेपर्यंत जात नाही. परंतु त्याच्याही अवस्था आहेत. १९९६ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘पायलट’ या हातसंगणकाच्या तीन होत्या. जागेपणी प्रोसेसर आज्ञा पाळीत असतो. डुलकीत त्याचे काम थांबते, पण घड्याळाचे ठोके चालू राहतात. त्यामुळे कळ दाबताच तो सावध होतो. गाढ झोपेत पडदा मालवतो आणि मुख्य ठोकेही थांबतात. जागे राहते ते वेळ दाखवणारे लहानसे घड्याळ, जाग आणणारी यंत्रणा आणि स्मृती. ‘बंद’ची कळ दाबली, तरी पायलट बंद होत नसे, तो फक्त झोपी जाई. म्हणूनच त्यातील दोन लहान सेल पूर्ण संपू दिले, तर साठवलेले पत्ते आणि टिपणे पुसली जात.

झोपेची किंमत आकड्यांत पाहू. समजा, बॅटरीची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास आहे. यंत्र जागेपणी २०० आणि झोपेत २ मिलिअँपिअर वीज घेते. सतत जागे राहिल्यास ते १० तास चालेल; सतत झोपल्यास १००० तास. आता एखादा प्रोग्राम त्याला दर मिनिटाला केवळ सहा सेकंद उठवतो असे धरा. सरासरी २१.८ मिलिअँपिअर होते आणि १००० तासांचे सुमारे ९२ तास उरतात. नुकसान होते ते अशा वारंवारच्या, विनाकारण जागेने.

तेव्हा कोणाच्या हाकेला उठावयाचे, हे आधीच ठरवावे लागते. कळ दाबली गेली, गजराची वेळ झाली, बाहेरून संदेश आला, ही जागे होण्याची नेहमीची कारणे. बाकीच्या हाका झोपण्यापूर्वीच बंद केल्या जातात.

खरी अडचण उंबरठ्यावर आहे. यंत्र झोपण्याच्या तयारीत असताना त्याच क्षणी हाक आली, तर ती हरवण्याचा धोका असतो. यावर लिनक्स प्रणालीत २०१० साली एक साधा उपाय आला. जागे करणाऱ्या घटनांची मोजदाद ठेवावयाची. झोपण्यापूर्वी तो आकडा वाचून घ्यावयाचा आणि शेवटच्या क्षणी पुन्हा ताडून पाहावयाचा. मध्यंतरी आकडा वाढला असेल, तर झोप रद्द. दोन घंट्या देण्यापूर्वी वाहक दाराकडे पुन्हा एकदा नजर टाकतो, तशातलाच हा प्रकार.

उलट दोषही संभवतो. अँड्रॉइड प्रणालीत एखादा प्रोग्राम ‘मला काम आहे, झोपू नका’ असे सांगून यंत्राला जागे ठेवू शकतो. काम संपल्यावर ही अट मागे घेण्यास तो विसरला, तर खिशातल्या खिशात बॅटरी संपते. म्हणून २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत, पडदा मालवून बराच वेळ स्थिर पडलेला फोन पुष्कळशी किरकोळ कामे अडवून ठेवू लागला आणि मधूनमधून उठून ती एकदम उरकू लागला.

बाळाची आई रस्त्यावरच्या गोंगाटात झोपते, पण बाळ कुशीवर वळताच जागी होते. तिला हे कोणी शिकवावे लागत नाही. यंत्राला मात्र कोणती हाक आपली आणि कोणती परकी, हे माणसानेच विचारपूर्वक सांगावे लागते. ते किती नीट सांगितले आहे, यावर त्या वाहकाची संध्याकाळची शेवटची फेरी अवलंबून असते.