पैसे मागता येतात का?

धंद्यासाठी कर्ज काढायचं म्हटलं की आधी प्रकल्प अहवाल लागतो. मशीनचं कोटेशन, गाळ्याचा भाडेकरार, विजेचा लोड, कच्चा माल, कामगार, पहिल्या वर्षी क्षमतेच्या किती टक्के उत्पादन आणि पाचव्या वर्षी किती. सीए लोकांकडे याचा साचा तयारच असतो. नाव आणि आकडे बदलले की अहवाल बांधून मिळतो. माझाही तसाच मिळाला. त्या जाडजूड बाडात मशीनची सगळी कुंडली होती, बाजाराची होती. हा धंदा जो माणूस चालवणार, त्याला दुसऱ्याकडे पैसे मागता येतात का, हे मात्र कुणी विचारलं नाही. बँकेने नाही, सीएने नाही, घरच्यांनीही नाही.

मी टूलरूममध्ये वाढलेला माणूस. आयटीआय झालं, मग नोकरीत जिग-फिक्श्चर, मग व्हीएमसी मशीन. जॉब कुठे क्लॅम्प करायचा, कुठलं भोक आधी मारायचं, हे ड्रॉइंग पुरतं उलगडायच्या आत डोळ्यांपुढे यायचं. अशा माणसाला साहेब लोक हटकून म्हणतात, "दुसऱ्यासाठी किती राबणार? स्वतःचं काहीतरी टाक." पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात प्रत्येक चांगल्या सेटरने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. भोसरीतले कितीतरी गाळे याच एका वाक्यावर उभे आहेत. जे बंद पडले, तेही याच वाक्यावर उभे राहिले होते.

मीही टाकलं. सेकंडहँड व्हीएमसी, दोन ऑपरेटर, भाड्याचा गाळा. काम आलं, आणि चांगलं आलं. रिजेक्शन जवळजवळ नाहीच. अडलं ते बिल आणि बँक यांच्या मधल्या रस्त्यावर. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, साठ दिवसांचं क्रेडिट लिहिलेलं. साठाचे नव्वद व्हायचे, नव्वदाचे एकशे वीस. इकडे बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत भरायचा, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत की नसोत. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर खिशातून. त्यात मशीनचा हप्ता, कामगारांचे पगार, टूलिंगवाल्याची उधारी. बँकेचं कॅश क्रेडिट खातं मर्यादेला टेकलेलं.

यावर उपाय एकच होता आणि तो मला ठाऊक होता: फोन करायचा आणि पैसे मागायचे. सकाळी ठरवायचो, आज अकराला फोन करायचाच. अकराला नेमकं एखादं इन्सर्ट तुटायचं. नाही तुटलं तरी मी मशीनपाशी जाऊन उभा राहायचो. फिनिश अजून सुधारता येईल, फिक्श्चर अजून नीट बसवता येईल, असं काहीतरी सुचायचं. ज्या कंपनीकडे माझी चार-चार महिन्यांची बिलं अडकली होती, तिलाच मी तिने न मागितलेला पाच मायक्रॉनचा नेमकेपणा फुकट पुरवत होतो. कधी फोन लागलाच तर माझ्या तोंडून निघायचं, "साहेब, जमलं तर बघा ना."

आपल्याकडे याला भिडस्तपणा म्हणतात आणि म्हणताना जरा कौतुकानेच म्हणतात. पैशाचं तोंडाने काढू नये, हे वळण मध्यमवर्गीय घरांत लहानपणीच लागतं. नोकरीत ते खपतं, कारण पगार मागावा लागत नाही, तो आपोआप येतो. धंद्यात मात्र पैसे मागणं हे रोजचं काम. मला माझ्या हातांची पुरेपूर ओळख होती. तोंडाची नव्हती.

मग वहिनी गाळ्यावर येऊ लागल्या. हिशेब लिहिणारा मुलगा सोडून गेला होता, म्हणून दुपारचे दोन-तीन तास बिलं करायला. वहिनी आमच्या गल्लीतली भिशी कितीतरी वर्षं चालवत आल्या आहेत. हप्ता चुकवणाऱ्या बाईच्या दारात जायचं, चहा घ्यायचा, लेकरांची चौकशी करायची आणि पैसे घेऊनच उठायचं, संबंध न बिघडवता. माझी थकबाकीची यादी बघून त्या म्हणाल्या, "भाऊजी, 'जमलं तर बघा' म्हटल्यावर कोण बघेल? पैसे नका मागू. तारीख मागा. तारीख दिली की त्या दिवशी सकाळी परत फोन."

त्यांनी फोन लावायला घेतले तेव्हा निम्मी बिलं का अडकली होती तेही उघड झालं. कुठे स्टोअरने जीआरएनच, म्हणजे माल मिळाल्याची नोंदच, केला नव्हता. कुठे पीओतला जुना दर आणि माझ्या बिलातला नवा दर जुळत नव्हता. परचेस म्हणे अकाउंट्सला विचारा, अकाउंट्स म्हणे स्टोअरला. वहिनी आधी स्टोअरला फोन करत. पीओ, चलन, जीआरएन नंबर समोर मांडल्याशिवाय त्या फोन उचलत नसत. यात कसली जादू नव्हती. हे मलाही जमायला हवं होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत राहिलो. वसुलीच्या युक्त्यांचे व्हिडिओ पाहिले, फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. समोरचा "बघतो" म्हणाला की माझा कागद संपायचा.

कायदाही बाजूने होता, हे तेव्हाच कळलं. सूक्ष्म व लघू उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलं असलं तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. म्हणजे पीओवरचे ते साठ दिवसच कायद्यात बसत नव्हते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही तरतूद आली: अशी देणी मुदतीत दिली नाहीत, तर ती चुकती होईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले हल्ली आपणहून उद्यम नोंदणीचा दाखला मागतात, तो यामुळे. तो दाखला काढून ठेवाच. पण याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करायची तर गिऱ्हाइकाशी वाकडं घ्यायची तयारी लागते. साधा फोन करताना ज्याचा घसा कोरडा पडतो, तो अर्ज काय करणार?

या काळात मी लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल पुन्हा वाचलं. शाळेत असताना लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी एवढंच लक्षात राहिलं होतं. ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते आणि तिथे त्यांच्या डोळ्यांत रंगांधत्व असल्याचं कळलं. रंग सोडावे लागले. यांत्रिक रेखाटन त्यांनी सोडलं नाही, कारण त्याला रंग लागत नाहीत. पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवूही लागले. सायकलींचा धंदा सुरू झाला तेव्हा लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात त्या विकायचं काम भाऊ रामूअण्णा बघत. १९१० मध्ये औंध संस्थानात त्यांचा कारखाना गेला, तेव्हाही हिशेबाला मंगेशराव रेगे होते. चरित्रं जिद्दीवर भर देतात, आणि जिद्द होतीच. लोखंडी नांगराने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना तो विकणं सोपं नव्हतं. मला मात्र ती कामाची वाटणी जास्त शिकवून गेली. डोळ्यातला दोष डॉक्टर सांगतो. स्वभावातला सांगायला कुणी येत नाही.

म्हणून धंद्यात उतरू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे. "मला काय आवडतं" हा प्रश्न फार वेळ उगाळू नका. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. तसल्या चाचणीने कल कुठे आहे ते कळायला मदत होते, पण कल माझाही बरोबरच होता. तुम्ही काय टाळता ते बघा. नोकरीत असतानाच एक वही ठेवा आणि रात्री तिच्यात आज उद्यावर ढकललेलं काम लिहा. कारण लिहू नका. कारणं आपण फार सुरेख रचतो. दोन-तीन महिन्यांत तेच ते काम वहीत पुन्हा पुन्हा दिसायला लागतं. मग बरोबर काम केलेल्या माणसाला विचारा, मित्राला नको, तो गोड बोलेल. "माझं काय चांगलं आहे" असं विचारू नका. "माझ्यामुळे तुझं काय अडायचं" असं विचारा.

जे टाळता ते तुमच्या धंद्याचं मुख्य काम असेल, तर दोनच वाटा आहेत. एक, ते काम करणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा, आणि त्याला हिस्सा किंवा नीट पगार हवा. वहिनींना मी सुरुवातीला काहीच देत नव्हतो, घरचं माणूस म्हणून. ते दादाने नाही, त्यांनीच स्पष्ट मागून घेतलं, तारखेसकट. दुसरी वाट म्हणजे धंदा न करणं. टूलरूमचा इनचार्ज व्हा, चार गाळ्यांना प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग करून द्या. चांगल्या सेटरला आज काम शोधावं लागत नाही.

हल्ली कुणी मुलगा गाळा बघत फिरतोय असं कळलं की मी त्याला आमच्याकडे बोलावतो. वहिनी त्याला थकबाकीची यादी देतात आणि म्हणतात, "यातले पाच फोन कर, मी ऐकतेय." बहुतेकांना त्या दिवशी घरी लवकर जायचं असतं. एकाने मात्र पाच फोन केले, आणखी यादी आहे का म्हणून विचारलं आणि जाताना एका स्टोअरकीपरशी ओळखही काढून गेला. मशीनमधलं त्याला माझ्या नव्या ऑपरेटरइतकंही कळत नव्हतं. त्याचा गाळा आता आमच्या मागच्याच गल्लीत आहे आणि व्हीएमसी चालवायला त्याने माझाच एक सेटर नेलाय, दोन हजार जास्त देऊन.