सभासदांसाठीं ऑनलाइन अभ्यासवर्ग : आंखणी आणि आरंभ

सभासदांस घरबसल्या शिक्षण द्यावें, ही कल्पना सध्यां पुष्कळ शेतकरी संघांच्या कार्यकारी मंडळांत निघत असते. हातोहातीं मोबाइल आले, तेव्हां एखादा तज्ज्ञ पडद्यावर आणून बसविला कीं काम झालें, असा सर्वसाधारण समज दिसतो. हा समज अपुरा आहे. त्यापायीं संघाचा पैसा आणि सभासदांचा विश्वास हीं दोन्ही खर्चीं पडतात. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलानें विचार करूं.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठ आणि एम. आय. टी. या दोन नामांकित संस्थांनीं 2012-13 या वर्षीं 17 ऑनलाइन अभ्यासक्रम सर्व जगास विनामूल्य खुले केले. त्यांत 8,41,687 नोंदण्या झाल्या. प्रमाणपत्रापर्यंत मजल गेली ती 43,196 नोंदण्यांची, म्हणजे शंभरांत सुमारें पांच. आणि 2,92,852 नोंदण्या अशा कीं, ज्यांत पाठ एकदांही उघडला गेला नाहीं. शिक्षक उत्तम, साधनें उत्तम, फी कांहींच नाहीं, आणि तरी ही गत. यांतील पुष्कळजण केवळ डोकावून पाहावयास आले होते, हें खरें. परंतु आपल्या संघास डोकावणारे पाहुणे मिळवावयाचे नसून आपल्याच सभासदाच्या पदरीं कांहीं घालावयाचें आहे.

आतां याच्या उलट उदाहरण पाहावें, आणि तें आपल्याच मुलुखांतलें आहे. 1956 सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें तेव्हांच्या मुंबई राज्याच्या पांच मराठी जिल्ह्यांतील 150 गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें स्थापिलीं. आठवड्यास दोन याप्रमाणें वीस कार्यक्रम झाले. मंडळींनीं एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, नंतर त्यावर आपसांत चर्चा करावी, आणि चिटणिसानें मंडळाचें म्हणणें व शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्या, अशी ही रीत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूरथ यांनीं याची तपासणी केली. मंडळ असलेल्या गांवांत लोकांचें ज्ञान स्पष्टपणें वाढलेलें आढळलें. जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तेथें फारसा फरक पडला नाहीं. यंत्र दोन्हीकडे तेंच होतें. भेद काय तो ऐकल्यानंतर चार माणसें बोलत बसलीं एवढाच. ही रीत मूळ कॅनडांतली. तेथें 1941 पासून 1965 पर्यंत रेडिओवर शेतकऱ्यांचे असेच वर्ग चालले, आणि ते चालविण्यांत शेतकऱ्यांच्या महासंघाचें अंग होतें, ही गोष्ट आपण विशेष ध्यानांत घ्यावी.

विद्यापीठाजवळ पंडित असतात, पण गांवोगांवीं ओळखीचीं माणसें नसतात. संघाजवळ तीं असतात. म्हणून वर्गाची आंखणी पडद्यापासून सुरू न करतां गांवांतील दहा-बारा सभासदांच्या बैठकीपासून करावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न विषयाचा. "आधुनिक शेती" असा सागरासारखा विषय घेऊं नये. ज्याच्या अज्ञानानें सभासदाचें आज नुकसान होत आहे आणि जें सहा आठवड्यांत हातानें करून पाहतां येईल, तेंच निवडावें. माझें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें मला सुचणारा विषय आपल्या जमिनीच्या कागदांचा आहे. सातबारा घरोघर असतो. पण तो वाचतां येणारे थोडे. त्याचे सहा पाठ सहज पडतात. पहिल्या पाठास प्रत्येकानें आपला आठ-अ आणि सातबारा पुढ्यांत घेऊन बसावें, आणि आपलीं सर्व गटांचीं क्षेत्रें खात्याशीं जुळतात कीं नाहीं हें पाहावें. दुसऱ्या पाठांत भोगवटादाराचा वर्ग, पोटखराब आणि "इतर अधिकार" हें सदर. फेडलेल्या कर्जाचा बोजा या सदरांत वर्षानुवर्षें तसाच राहिलेला असतो, आणि नवें कर्ज मागावयास जावें तेव्हां तो डोकें वर काढतो. तिसऱ्यांत फेरफार : गांव नमुना सहामध्यें नोंद धरल्यावर हितसंबंधीयांस नोटीस निघते, आणि हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. ही नोटीस न वाचतां सही करून परत देणारे शहाणे लोक मीं पुष्कळ पाहिले आहेत. चौथा पाठ वारसाचा. मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आंत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यास आपण तलाठी म्हणत आलों त्याच्याकडे, द्यावयाची असते. आपल्याकडे ती पुष्कळदां नातू मोठा झाल्यावर दिली जाते. पांचव्यांत ई-पीक पाहणी, जी आपल्या राज्यांत 2021 सालापासून शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर करावयाची ठरली. हा पाठ घरांत बसून होत नाहीं. बांधावर उभें राहून तेथूनच पिकाचें छायाचित्र घ्यावें लागतें. सहाव्यांत दुरुस्ती : लेखनप्रमाद असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खालीं अर्ज, आणि मंजूर झालेली नोंदच मान्य नसेल तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील. या दोहोंतला भेद न कळल्यामुळें दुरुस्तीच्या अर्जामागें धांवतां धांवतां अपिलाची मुदत गेली, असे प्रकार दप्तरांत नित्य दिसतात.

पाठ वीस मिनिटांहून मोठा नसावा, आणि शेवटीं एकच काम सांगावें. तें काम आपल्या स्वतःच्या कागदावर असावें. दुसऱ्याच्या उताऱ्याचा नमुना पाहून मन गुंतत नाहीं. पाठानंतर बैठकींत अर्धा तास बोलणें व्हावें. उरलेल्या शंका संयोजकानें लिहून पाठवाव्या, आणि पुढच्या पाठाच्या आरंभीं शिक्षकानें त्यांचीं उत्तरें द्यावीं. ही परतीची वाट बंद पडली कीं वर्ग संपलाच म्हणून समजावें. उद्घाटन, स्वागत, परिचय, आभार यांस मात्र पूर्ण फांटा द्यावा; पडद्यावरचा हारतुरा पाहण्यास कोणी आपला डेटा खर्च करीत नाहीं.

वेळ ठरवितांना घड्याळापेक्षां शेतीकडे पाहावें. कोरडवाहू गांवीं पौष महिना सोयीचा. रब्बीची पेरणी झालेली असते आणि लग्नें नसतात. द्राक्षाच्या भागांत छाटणीचे दिवस टाळावे, उसाच्या भागांत तोडीचे. बागाईत गांवांत ज्या आठवड्यांत पंपास वीज रात्रीं असते त्या आठवड्यांत रात्रीं आठचा वर्ग ठेवणें म्हणजे रिकाम्या खोलीस शिकविणें होय. पाठ ध्वनिचित्रित करून ठेवावा हें बरें, पण बैठकीचा वार हलवितां येईल अशी मोकळीक संयोजकास असावी.

संयोजक हा या सर्व कामाचा कणा. तो पदवीधर पाहिजे असें नाहीं. लिहितां-वाचतां येणारा, पाठ लावून देतां येणारा, आणि विशेषतः बोलणें वेळेवर थांबवितां येणारा असावा. जमिनीच्या कागदांची बैठक म्हटली म्हणजे तिसऱ्या वाक्याला दोन भावांचा बांध निघतो आणि मूळ पाठ बाजूस राहतो. "हें आपण मागाहून पाहूं" असें गोडीनें म्हणण्याइतकें त्याचें वजन गांवांत असलें पाहिजे. त्याला मानधन द्यावें. फुकटचें काम सुगीच्या पहिल्याच आठवड्यांत बंद पडतें, आणि त्यास बोल लावतां येत नाहीं.

ज्या सभासदाजवळ चांगला मोबाइल नाहीं त्याची सोय बैठकीमुळें आपोआप होते. चावडीजवळच्या वा सोसायटीच्या खोलींत एक मोठा पडदा पुरतो. स्त्री-सभासदांचें तसें नाहीं. खातें बाईच्या नांवें आणि बैठकीस येणारा तिचा दीर, असा प्रकार चालूं देऊं नये. त्यांची बैठक त्यांच्या सवडीनें निराळी भरवावी, आणि संयोजकही बाईच असावी. वारसाच्या पाठाची गरज त्यांना अधिक आहे, कारण नवरा वारल्यावर खात्यास नांव लागलें कीं नाहीं हें त्यांस बहुधा कोणी सांगत नाहीं.

आरंभ एकदम सर्व तालुक्यांत करूं नये. एका गांवांत बारा सभासद घेऊन सहाही पाठ आधीं चालवून पाहावे. त्या बारांत एक वयोवृद्ध, दोन-तीन स्त्रिया आणि ज्यास हें सर्व थोतांड वाटतें असा एक गृहस्थ अवश्य असावा; शेवटच्या गृहस्थाकडून सर्वांत उपयोगी सूचना मिळतात. कोठें आवाज कळला नाहीं, कोणता शब्द अडला, कोणतें काम कोणीच केलें नाहीं, हें टिपून पाठ सुधारावे आणि मग दहा गांवें घ्यावीं. निमंत्रण मात्र मोबाइलच्या गटांत टाकून मोकळें होऊं नये. संयोजकानें घरीं जाऊन सांगितलेला एक शब्द शंभर संदेशांच्या बरोबरीचा असतो.

खर्चाविषयीं. तयार संगणक-प्रणाली विकणारे लोक संघाकडे येतात आणि प्रत्येक सभासदामागें वार्षिक आकार सांगतात. पहिल्या वर्षीं असा करार मुळींच करूं नये. साधी दूरसभा, चित्रफीत ठेवण्याची एक जागा आणि शंकांची वही एवढ्यावर काम भागतें. वांचलेला पैसा संयोजकांस द्यावा. वर्गाचें खातें निराळें ठेवावें, आणि शिक्षकाशीं आधींच लेखी ठरवावें कीं चित्रफितीवर हक्क कोणाचा. सभासदांकडून थोडी तरी फी घ्यावी, म्हणजे नोंदणी कागदावर राहत नाहीं. बिगरसभासदांस पाठ पाहूं द्यावे कीं नाहीं यावर दोन मतें संभवतात. माझ्या मतें पाठ सर्वांस खुले ठेवावे, बैठक आणि शंकांचीं उत्तरें सभासदांपुरतीं राखावीं. शेजाऱ्याचा सातबारा दुरुस्त झाला तर संघाचें कांहीं जात नाहीं. उलट पुढच्या वर्षीं तोच शेजारी वर्गणी घेऊन येईल.

यश मोजतांना हजेरी मोजूं नये. संयोजकाच्या वहींत तीन रकाने असावे : किती जणांनीं आपला उतारा वाचून चूक शोधली, किती जणांनीं त्यावर अर्ज केला, आणि किती जणांच्या हातीं दुरुस्त उतारा आला. तिसरा रकाना भरावयास कित्येक महिने लागतील. वर्ग संपला तरी वही बंद करूं नये.

आणखी एक गोष्ट. नियम बदलतात, मोबाइलवरचीं ॲप तर वारंवार बदलतात. जुनी चित्रफीत मात्र गांवोगांव फिरत राहते आणि तिच्या आधारानें लोक चुकीचें काम करून बसतात. म्हणून प्रत्येक पाठाच्या आरंभींच तो कोणत्या दिनांकास तयार केला हें मोठ्या अक्षरांत दाखवावें, दर हंगामापूर्वीं एका जाणत्याकडून सर्व पाठ तपासून घ्यावे, आणि जो पाठ शिळा झाला असेल तो काढून टाकून तसें प्रत्येक संयोजकास लेखी कळवावें.