सिंकला वास का येतो?

आज घरी सिंकखाली वाकून बघा. इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वाकडा पाईप दिसेल. त्या वाकात थोडं पाणी कायम साचलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. गावाहून महिन्याने परतल्यावर घरात वास येतो, कारण ते पाणी सुकलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता, वास थांबतो.

तरीही वास आला तर समजा, आत खरकटं कुजतंय. तेल-तूप पाईपात थंड होऊन चिकटतं, त्यावर भात, चहाचा चोथा अडकतो आणि सिंक तुंबतं. म्हणून तेलकट कढई आधी कागदाने पुसा. जाळी रोज साफ करा. आठवड्यातून एकदा खायचा सोडा आणि व्हिनेगर टाका, अर्ध्या तासाने गरम पाणी ओता. उकळतं नको, प्लास्टिकचा पाईप खराब होतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आता विचार करा, हे पाणी पुढे कुठे जातं? अंबरनाथ-उल्हासनगरच्या नाल्यांतून बरंचसं वालधुनी नदीत, बदलापूरहून उल्हास नदीत. आणि उल्हासचंच पाणी खालच्या शहरांतली माणसं पितात. आपल्या कढईतलं तेल तिथवर जायला नको ना?