'लिटल सीझर' : हुशार चोर कुठे चुकला?

चोर-पोलिसांचा सिनेमा पाहिला की मुलं चोराचीच नक्कल करतात, ही आपली नेहमीची काळजी. त्यावर मुलांशी बोलायला हॉलिवूडचा १९३१ चा 'लिटल सीझर' चांगला आहे. दिग्दर्शक मर्विन लरॉय, तर रिकोच्या भूमिकेत एडवर्ड जी. रॉबिन्सन.

रिको सुरुवातीला पेट्रोल पंप लुटणारा साधा चोर. लूट झाल्यावर तो हॉटेलातल्या घड्याळाचे काटे मागे फिरवतो. का? तर 'तेव्हा आम्ही इथेच होतो' असं दाखवता यावं म्हणून! पुढे तो टोळीचा म्होरक्या होतो आणि मग सगळं गमावून लपून बसतो. पोलीस सार्जंट फ्लॅहर्टी वर्तमानपत्रातून त्याला भित्रा ठरवतो. रिको चिडून पोलिसांना फोन करतो, आणि त्या फोनवरूनच त्याचा माग लागतो.

आता मुलांना विचारा : घड्याळाचा विचार करणारा रिको फोन करताना का फसला? उत्तर आपण सांगायचं नाही. 'चोरी वाईट' हे वाक्य मुलं ऐकून सोडून देतात. अहंकाराने माणूस कसा आंधळा होतो, हे त्यांनी स्वतः शोधलं तर लक्षात राहतं.

चित्रपटात गोळीबार आहे, म्हणून लहानांना फक्त गोष्ट सांगा.