मागील आसनाचा अडकलेला पट्टा : देखभालीचे अर्थकारण

मत्ता निर्माण करणे आणि ती चालू स्थितीत राखणे या दोन भिन्न बाबी आहेत. नळ बसला म्हणजे पाणी आलेच असे नाही. हा भेद कुटुंबाच्या मोटारीतील मागील आसनाच्या पट्ट्यालाही, म्हणजेच सीटबेल्टलाही, लागू पडतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८(३) नुसार पुढे तोंड करून असलेल्या मागील आसनांवरील प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ द्वारे समाविष्ट झालेल्या कलम १९४-ब मध्ये त्यासाठी १,००० रुपये दंड आहे. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेल्या १६,७१५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ८,३८४ चालक व ८,३३१ प्रवासी होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढील आसनांवरील दोघे जखमी झाले, पण बचावले.

पट्टा न लावणे ही केवळ वैयक्तिक जोखीम नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एकाएकी थांबले, तर मागचा प्रवासी त्याच वेगाने पुढे जातो. हा आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो आणि तो पुढील आसनावरील व्यक्तीवरही कोसळतो. एकाच्या निर्णयाचा खर्च दुसऱ्याने सोसणे यालाच अर्थशास्त्रात ऋण बाह्यता म्हणतात. परीक्षेत कारखान्याच्या धुराचे उदाहरण हमखास लिहिले जाते. हेही तितकेच समर्पक आहे.

आता प्रश्न असा, की पट्टा लावायचा ठरवूनही तो बाहेरच येत नसेल तर? पट्टा एका स्प्रिंगयुक्त गुंडाळीवर असतो. या गुंडाळीला सामान्यतः दोन प्रकारचे कुलूप असते. एक पट्ट्याला हिसका बसताच लागते, तर दुसरे वाहनाचा वेग अचानक बदलल्यास किंवा वाहन फार कलल्यास. त्यामुळे तीव्र उतारावर उभ्या गाडीत पट्टा अडकणे हा बिघाड नव्हे, ते यंत्रणेचे कामच आहे. घाईने ओढणाऱ्याला मात्र तो बिघाड वाटतो, आणि अधिक जोर लावला की कुलूप सुटतच नाही.

म्हणून गाडी प्रथम सपाट जागी उभी करावी. आसनाची पाठ दुमडली असल्यास ती पूर्ण सरळ करून खटका बसला आहे ना, हे पाहावे. पट्टा थोडा आत जाऊ द्यावा आणि मग सावकाश, एकसारखा ओढावा. तो आतही जात नसेल तर एक ठाम हिसका देऊन लगेच सैल सोडावा. बहुधा गुंडाळी किंचित मागे फिरून कुलूप सुटते. वरच्या कडीत पीळ पडला असल्यास तो सरळ करावा. पट्टा मळल्याने जड झाला असेल, तर पूर्ण बाहेर काढून चिमट्याने अडकवावा, सौम्य साबण व कोमट पाण्याने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडावा. गुंडाळीत तेल घालू नये. त्यावर धूळ बसते. कुलपाच्या खाचेत नाणे किंवा खाऊचे कण नाहीत ना, हेही पाहावे. अनेक गाड्यांत तर हे कुलूप आसनाच्या शोभिवंत आवरणाखाली दडपलेले असते. तेथे दुरुस्तीचा खर्च शून्य आहे.

एवढ्याने भागले नाही तर काम अधिकृत कार्यशाळेकडे द्यावे. गुंडाळीचे आवरण घरी उघडू नये, कारण आत ताणलेली स्प्रिंग असते आणि काही गाड्यांत स्फोटक द्रव्यावर चालणारी पट्टा आवळण्याची यंत्रणाही असते. कडा उसवलेला किंवा मोठ्या अपघातात ताण सोसलेला पट्टा दुरुस्त करू नये, बदलावा.

दुरुस्ती इतकी स्वल्प असूनही ती लांबणीवर पडते, कारण खर्च आजचा व निश्चित, तर लाभ भविष्यातील व संभाव्य. शासकीय तपासणीही येथे उपयोगी पडत नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि योग्यता तपासणी नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने घ्यावे लागते, पण त्यात धूर मोजतात, पट्टा ओढून पाहत नाहीत. तोवर मागील पट्ट्याचा एकमेव तपासनीस म्हणजे मागे बसणारा प्रवासी, आणि तो बहुधा लग्नाला निघण्याच्या घाईत असतो.