टर्बोची हवेची नळी बदलताना

सुट्टीत गुम्मिडिपूंडीला बाबांच्या डिझेल पिकअपची हवेची नळी बदलायची होती. मेकॅनिक अण्णांच्या हाताखाली मी जे शिकलो, ते येथे देत आहे.

टर्बोमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. चक्राचा वेग मिनिटाला १ लाख फेऱ्यांच्या पुढे जातो.

टर्बोनंतरची नळी फुटली तर दाबलेली हवा निसटते, ओढ कमी होते, काळा धूर येतो. चालकाला लगेच कळते. एअर फिल्टर आणि टर्बो यांमधली नळी चिरली तर मात्र न गाळलेली धूळ आत जाते, पाती झिजतात आणि गाडी चालतच राहते. म्हणून ही चीर जास्त घातक. तिला चिकटपट्टी लावून भागत नाही.

कामाचा क्रम असा :

१. इंजिन बंद करून थंड होऊ द्या.
२. क्लॅम्प सैल करा, नळी हलके फिरवत काढा.
३. टर्बोचे तोंड लगेच स्वच्छ फडक्याने झाका. आत पडलेला छोटा स्क्रूही पाती तोडतो.
४. नवी नळी आतून तपासा. फडके काढून ती पूर्ण बसवा. क्लॅम्प घट्ट करा, पण रबर कापेल इतका नको.
५. स्टार्टरपूर्वी हत्यारे, स्क्रू आणि फडकी मोजा.

रायफल साफ केल्यावर आपण बॅरलमधून पाहतो, तशीच ही सवय प्रत्येक कॅडेटने लावून घ्यावी.